कुडूचा तो फोटो आणि त्याखालचा मजकूर

गेल्या महिनाभरात एकच फोटो मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. गुडघ्यावर बसलेला गोरा माणूस, मांडीवर रायफल आणि पुढ्यात मरून पडलेला कुडू, म्हणजे आफ्रिकेतला एक मोठा हरणासारखा प्राणी. अडीच-अडीच पिळांची शिंगं, मान उचलून झाडाच्या बुंध्याला टेकवलेली, तोंडाभोवतीचं रक्त पुसून घेतलेलं. खाली मराठीत लांबलचक मजकूर आहे. त्याचा सारांश असा: शौकिनांच्या शिकारीमुळे आफ्रिकेतली हरणं नामशेष होत चालली आहेत, केनियाने बंदी घातली म्हणून तिथले प्राणी वाचले, शिकारीच्या पैशातले फक्त तीन टक्के गावाला मिळतात, डोकं कापून नेतात आणि मांस सडत टाकतात, कॅमेऱ्याच्या सफारीतून तेवढेच पैसे मिळू शकतात, आणि भारताने 1972 साली कायद्याने शिकार बंद करून दाखवली तशी आफ्रिकेनेही करावी.

मला स्वतःला तो फोटो बघवत नाही. मी कधी बंदूक धरलेली नाही, धरणारही नाही. पण दोन वर्षं नामिबियात नोकरीला होतो, सुट्टीच्या दिवशी गाडी काढून रानात जायचो, आणि तिथे जे पाहिलं-ऐकलं ते या मजकुराशी जुळत नाही. ज्या कुरंगांबद्दल मजकुराला कळवळा आहे त्यांचंच त्याने नुकसान होईल असं मला वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

(कुरंग हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. पण चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात, काळविटाची आणि कुडूची जन्मभर राहतात. आफ्रिकेत शिकारी ज्यांच्या मागे असतात ते हे दुसऱ्या जातीचे, कुरंग.)

नामशेष होण्याचा मुद्दा सगळ्यात मोठा, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला ब्लूबक नावाचा कुरंग 1800च्या सुमारास संपला. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांचा त्यात मोठा हात होता. बॉन्टेबॉक या दुसऱ्या कुरंगाची तर अशी गत झाली होती की 1931 साली त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान काढलं तेव्हा तिथे 17 जनावरं होती. पण ती कत्तल मांसासाठी, कातड्यासाठी आणि गुरांना कुरण मोकळं करून देण्यासाठी चालली होती. परवाना नाही, किती मारायचे याला मोजमाप नाही. आजचा परदेशी शिकारी ठरलेल्या कोट्यातला एक नर मारतो, तोही बहुतेकदा वय झालेला, कारण लांब शिंगं त्याच्याचकडे असतात. कुरंगांत एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे असे थोडे नर गेल्याने कळपाची वाढ थांबत नाही.

याद्याच पाहा. इम्पाला, स्प्रिंगबॉक, कुडू, गेम्सबॉक, एलंड यांची शिकार सगळ्यात जास्त होते, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत हे सगळे सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात आहेत. त्याच यादीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे अगदी संपत आलेल्यांत, अ‍ॅडॅक्स आहे, हिरोला आहे, डामा गझेल आहे. त्यांच्या मायभूमीत त्यांची पैसे भरून शिकार चालत नाही. 2016 साली नायजरमध्ये विस्तृत पाहणी झाली तेव्हा सहारातले फक्त तीन अ‍ॅडॅक्स दिसले. तिथे तेलाच्या कामांमुळे वाळवंट ढवळून निघालं होतं आणि त्या कामांच्या रक्षणासाठी आलेले सैनिक त्यांना मारत होते. हिरोला केनिया-सोमालियाच्या सरहद्दीवरचा. 1970च्या दशकात हजारोंनी होता, आज पाचशेच्या आत आहे. त्याला सगळ्यात मोठा तडाखा बसला तो 1980च्या दशकातल्या बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या रोगाच्या, साथीचा. बुळकांडी म्हणजे काय हे आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिकेत पसरला तो बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर, आणि त्याने गुरांबरोबर रानम्हशी, एलंड, कुडू यांचाही फडशा पाडला.

झांबियातल्या काफुए नदीच्या पूरमैदानात लेचवे नावाचा कुरंग राहतो, गुडघाभर पाण्यात चरणारा. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तो 90 हजारांच्या घरात होता. मग विजेसाठी नदीवर धरणं झाली, पुराचं वेळापत्रक बिघडलं, चोरटी शिकार वाढली, आणि आज तो त्याच्या निम्म्यानेही नाही. बोत्स्वानात लाळ्या-खुरकुताची साथ रोखायला, म्हणजे युरोपला गोमांस विकता यावं म्हणून, शेकडो किलोमीटर लांबीची कुंपणं घातली. 1983च्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले विल्डबीस्ट त्या तारांशी अडले आणि हजारोंच्या संख्येने मेले. यातल्या एकाही ठिकाणचा फोटो कुणी मला कधी पाठवला नाही.

आणि फास. नामिबियाच्या ईशान्येला, पूर्वी ज्याला कॅप्रिव्ही म्हणायचे त्या पट्ट्यात, एका गावाच्या राखणदाराबरोबर मी सकाळभर चाललो होतो. पाण्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर तो अचानक थांबला आणि वाकून त्याने गवत बाजूला केलं. कुंपणाची साधी तार होती. एक टोक मोपानेच्या खोडाला बांधलेलं, दुसऱ्या टोकाचं वेटोळं इम्पालाच्या मानेच्या उंचीवर, फांदीला अडकवून उघडं ठेवलेलं. त्यात तेव्हा काही नव्हतं. पण दहा पावलांवर दुसरं झाड होतं, त्याच्या खोडाची साल गोल कडं घातल्यासारखी घासून गेली होती आणि खाली जमीन खुरांनी वीतभर उकरली होती. राखणदार म्हणाला, असं झाड दिसलं की समजायचं, जनावर रात्रभर ओढत होतं. तारेला नर-मादी कळत नाही, पोटुशी कळत नाही. बिबट्या अडकतो, रानकुत्रे अडकतात. त्याने ती तार सोडवून, गुंडाळून खांद्यावर टाकली. त्या दिवशी अशा सात तारा निघाल्या. त्या राखणदाराचा पगार कुठून येत होता? गावाने आपल्या हद्दीतली शिकार एका व्यावसायिकाला करारावर दिली होती, त्या रकमेतून.

केनियाचं उदाहरण तर उलटंच आहे. 1977 साली तिथे शौकिनांची शिकार बंद झाली, हे खरं. पण त्या वर्षापासून 2016 पर्यंतच्या हवाई गणनांचा अभ्यास झाला आहे. चराऊ प्रदेशांतले वन्य प्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले आणि त्याच काळात शेळ्या-मेंढ्या 76 टक्क्यांनी वाढल्या. बंदीमुळे प्राणी घटले असं मी म्हणणार नाही. लोकसंख्या, कुंपणं, गुरं, दुष्काळ, सगळं आहे त्यात. पण बंदीने ते वाचले हे म्हणणं निखालस खोटं आहे. केनियात जिथे बरं चाललंय, उदाहरणार्थ मसाई माराभोवतीची राखीव रानं, तिथे मसाई जमीनमालकांना पर्यटन कंपन्यांकडून दरमहा भाडं मिळतं. बंदी सगळ्या देशाला सारखीच लागू होती, भाडं मात्र त्या तेवढ्या जमिनीला मिळालं.

तीन टक्क्यांचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. टांझानियातल्या शिकार कंपन्यांच्या उत्पन्नाबद्दलच्या 2010च्या एका अहवालातला तो आहे. 2013 साली दुसऱ्या एका अहवालाने तो उचलला आणि मग तो अख्ख्या आफ्रिकेला चिकटला. टांझानियात वन्यजीव सरकारच्या मालकीचे, शिकारीचे पट्टे सरकार देणार, गाव रांगेत शेवटी. तिथल्या व्यवस्थेवर हा आरोप रास्त आहे आणि तो जोरात व्हायला हवा. नामिबियाची व्यवस्था वेगळी. 1996च्या कायदेदुरुस्तीने गावांना एकत्र येऊन आपल्या हद्दीतल्या वन्यजीवांवर हक्क सांगता येऊ लागला. 1998 साली पहिली चार राखीव क्षेत्रं नोंदली गेली, आज 86 आहेत, देशाच्या साधारण एक पंचमांश भूभागावर. तिथे शिकारीचा करार गावाची समिती करते आणि पैसे समितीच्या खात्यात येतात. समित्यांत भांडणं होतात, हिशेब चुकतात, क्वचित पैसे खाल्लेही जातात. आपल्या सोसायट्या आणि ग्रामपंचायती पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. पण तीन टक्के ही तिथली गोष्ट नव्हे.

दक्षिण आफ्रिकेबद्दल मात्र मला वेगळं बोलायचंय, कारण मजकुरातला राग तिथे काही अंशी योग्य जागी पोचतो. 1991च्या कायद्याने नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरचा वन्य प्राणी जमीनमालकाच्या मालकीचा झाला. त्यामुळे हजारो गोऱ्या शेतकऱ्यांनी गुरं काढून कुरंग पाळले आणि लाखो हेक्टर जमीन पुन्हा रानाकडे गेली, हा मोठा फायदा. पण मग सोनेरी विल्डबीस्ट, काळा इम्पाला असल्या विचित्र रंगांच्या जनावरांची पैदास सुरू झाली. नात्यातल्या नात्यात जोड्या लावून, लहान कुंपणांत ठेवून, लिलावात अफाट किमतींना विकून. याला संवर्धन म्हणणं मला मान्य नाही. तो पशुपैदाशीचा धंदा आहे आणि त्यातून रानाला काही मिळत नाही. तसंच झिंबाब्वेतल्या मातेत्सी भागातल्या जुन्या नोंदींवरून दिसलं की तीन दशकांत सेबल नावाच्या कुरंगाची शिंगं काहीशी आखूड झाली, म्हणजे मोठे नर प्रमाणाबाहेर टिपले गेले. कोटा फुगवला की असं होतं. कोटा कमी करा, वयाची अट घाला, कुंपणातली पैदास बंद करा अशी मागणी करणाऱ्या मजकुरावर मी पहिली सही करीन.

मांस सडत टाकतात, हे मी पाहिलेल्याच्या अगदी विरुद्ध आहे. कुडूचा नर सव्वादोनशे-अडीचशे किलोंचा. तो गावात आणला तेव्हा झाडाखाली आधीच माणसं जमली होती. मागचे पाय साखळीने फांदीला टांगून दोघांनी कातडं वरून खाली मोज्यासारखं उतरवलं. शिकाऱ्याच्या वाट्याचं डोकं आणि पाठीचं कातडं मीठ लावून बाजूला ठेवलं. बाकी सगळ्याचे वाटे पडले, एक बाई वहीत घरांची नावं वाचत होती. पहिले वाटे म्हाताऱ्यांचे. आतडी आणि काळीज एनॅमलच्या पाटीत घालून एक आजी सगळ्यांच्या आधी निघूनही गेली. संध्याकाळी तारेवर मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या. झाडाखाली फक्त शेण उरलं होतं, तेही कुत्री हुंगत होती.

कॅमेऱ्याच्या सफारीचा पर्याय ऐकायला छान वाटतो आणि जिथे शक्य आहे तिथे तोच उत्तम. मात्र त्याला सिंह-हत्ती हमखास दिसावे लागतात, रस्ता लागतो, विमानतळ जवळ लागतो, पाण्याची सोय असलेली हॉटेलं लागतात. नामिबियातल्या त्सुमक्वे गावाच्या भोवतालचं न्याए न्याए हे 1998च्या त्या पहिल्या चारांतलं राखीव क्षेत्र, तिथे सान हे मूळनिवासी लोक राहतात. सपाट, झुडुपी, वाळूचं रान; दिवसभर गाडी फिरवली तरी पर्यटकाच्या हाती फोटो लागेलच असं नाही. मोजके शिकारी येतात, तंबूत राहतात, आणि क्षेत्राचं बहुतांश उत्पन्न त्यांच्याकडून येतं. 2016च्या एका अभ्यासाने नामिबियातल्या अशा क्षेत्रांचे हिशेब मांडले. शिकार काढून टाकली तर बहुतेक क्षेत्रांचा रोजचा खर्चही भागत नाही, असं त्यात दिसलं. आणि 2020 साली करोनाने विमानं थांबली तेव्हा फक्त पर्यटकांवर विसंबलेल्यांचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

उरला भारताचा दाखला. 1972च्या कायद्याचा मला अभिमान आहे आणि विदर्भात रोही मारायला परदेशी शिकारी बोलवा असं मी सुचवत नाही. आपली दाटी, आपली उघडी शेतं आणि आपली श्रद्धा वेगळी. पण कायदा झाला म्हणून सगळं वाचलं का? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळवीट टिकलं, कारण तिथे त्याच्यासाठी गवताळ माळ राखला गेला. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं, शिकार तर त्याआधीपासून बंद. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. त्याला कुणी शौकिनाने गोळी घातली नाही. माळरान उसाखाली, विहिरींखाली आणि विजेच्या तारांखाली गेलं.

रेहेकुरीबद्दल मी त्या राखणदाराला सांगितलं होतं, तारा गुंडाळून परत येताना. काळवीट आसपासच्या ज्वारीत शिरतं हेही सांगितलं. त्याने विचारलं, मग नुकसान कोण भरून देतं? मी पंचनाम्याचं सांगितलं, अर्जाचं, भरपाईची वाट पाहण्याचं. तो म्हणाला, मग त्या शेतकऱ्याला ते जनावर हवंसं कशाला वाटेल? मी म्हटलं, आमच्याकडे लोक काळविटाला मान देतात, काही ठिकाणी देवाचं मानतात. तो म्हणाला, मान आमच्याकडेही आहे, पण मुलाच्या कॉलेजची फी गाय विकून भरावी लागते. म्हणून गाय वाढवतो. आता कुडूचेही पैसे येतात, म्हणून त्याच्यासाठी एवढं रान सोडलंय.