रेडियम पावसातही चमकलं पाहिजे

आज आमच्या रस्त्याच्या साइटवर कामगारांच्या सेफ्टी जॅकेटांचा खोका आला. पर्चेसवाल्यांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, "मॅडम, क्वालिटी एक नंबर आहे, रेटही बसला." खोका फोडला. वरवर सगळं छान. झगझगीत पोपटी जाळी, पुढे दोन करड्या पट्ट्या, पाठीवर हातभर मोठं कंपनीचं नाव. मी एक जॅकेट कंटेनर ऑफिसच्या दाराला टांगलं, लाइट घालवला आणि मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढला. खरी रेडियम पट्टी, म्हणजे उजेड परत फेकणारी, असेल तर फोटोत पांढरीफेक उठून दिसते. ही करडीच राहिली. रेडियम नाहीच ते. करडी रिबन शिवून दिली आहे. माणसांच्या जिवावर रिबन!

सकाळपासून डोकं तापलंय. लांबलचक लिहिणार आहे.

रस्त्याच्या कामावर जॅकेट कशासाठी असतं, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. पण खरेदी करणारे लोक ते दुकानात, ट्यूबलाइटखाली, रंग बघून घेतात, तिथेच घोळ होतो. तो पोपटी किंवा नारिंगी रंग भडक दिसतो तो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. दिवसा तो काम करतो, ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला तर फारच चांगलं करतो. अंधार पडला की त्याची गंमत संपली. रात्री सगळी भिस्त पट्टीवर. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात आणि ते हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत. बाजूला उभ्या असलेल्याला तीच पट्टी मळकट दिसेल. म्हणून तपासायची तर अंधारात वीस-पंचवीस पावलांवर जॅकेट टांगायचं आणि बॅटरी आपल्या डोळ्यांशेजारी धरून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे ते कुणी केलं नाही.

मी एवढी का चिडते, तर गाड्यांना झेंडा दाखवायला उभ्या राहणाऱ्या आमच्या झेंडेवाल्या काकांमुळे.

गेल्या पावसाळ्यात रात्रीचं काम चालू होतं. कोकणातला पाऊस, त्यात वळण, त्यात समोरून येणाऱ्या ट्रेलरचा अप्पर. मी बोलेरो घेऊन क्रशरवरून साइटकडे येत होते. वळणाच्या अलीकडे काका उभे असतात हे मला ठाऊक होतं. मी त्यांनाच शोधत होते, तरी दिसले नाहीत. एकदम दिसली ती त्यांच्या हातातली बॅटरी, बॉनेटच्या पुढ्यात. गाडी थांबली तेव्हा काकांचे गमबूट बंपरपासून जेमतेम हातभर लांब होते. काकांनी जॅकेट घातलेलं होतं. चांगलं होतं, पट्टीही खरी होती. पण वरून काळा रेनकोट. आणि काकाच मला म्हणाले, "मॅडम, सावकाश या, पाऊस लई आहे."

मला जागा माहीत, माणूस माहीत, गाडीचा वेग पंचवीस-तीस. गणपतीला मुंबईहून निघालेला, रात्रभर जागलेला माणूस ऐंशीने आला असता तर? ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर गेले. ब्रेक लागणं त्याच्या पुढे, तेही ओल्या रस्त्यावर.

तरी पावसाळ्यात सगळ्या साइटवर हेच चालतं. जॅकेट आत, रेनकोट वर. ऑडिटच्या कागदावर 'जॅकेट दिले' अशी टिकमार्क झाली की झालं. अरे, मग रेनकोटच नारिंगी आणि पट्टीवाला का नाही घेत? मिळतात ना बाजारात!

मानकांचं म्हणाल तर ती आहेत. आपलं भारतीय आयएस १५८०९ आहे, बाहेरचं, युरोपात चालणारं ईएन आयएसओ २०४७१ आहे. त्या दुसऱ्यात तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाला भडक कापड किमान ०.५० चौरस मीटर आणि पट्टी ०.१३ चौरस मीटर लागते, तिसऱ्याला ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरच्या खाली चालत नाही. तिसऱ्या वर्गात नुसतं बिनबाह्यांचं जॅकेट बसत नाही, बाह्या किंवा पूर्ण पॅंट लागते. त्याला कारण आहे. हातापायांवरची पट्टी हलली की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा माणूस आहे. नुसत्या छातीवरच्या दोन रेघा बॅरिकेडच्याही वाटू शकतात. काकांसारखा वाहत्या ट्रॅफिकमध्ये झेंडा धरून उभा राहणारा माणूस बाह्यांच्या जॅकेटातच हवा, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. आणि पट्टी पावसाच्या चाचणीत उतरलेली हवी, कारण साध्या मण्यांच्या पट्टीवर पाणी साचलं की ती मंद होते. आमच्याकडे चार महिने पाऊस. कोरड्या पट्टीचं कौतुक आम्हाला कशाला सांगता?

पाठीवरचं ते नाव! भडक कापडाचा जो भाग मोजायचा, तोच छपाईने झाकून टाकायचा. जाहिरात करायची तर बोर्ड लावा.

रंगाचं माझं मत पक्कं आहे. पावसाळ्यात कोकणात पोपटी नको. आजूबाजूला रान पोपटी, गवत पोपटी, त्यात माणूस बुडून जातो. नारिंगी घ्या. उन्हाळ्यात, करड्या डोंगरावर पोपटी उत्तम.

ड्रायव्हर लोकांसाठीही लिहिते, कारण डंपरवाले म्हणतात, "आम्हाला कशाला, आम्ही तर केबिनमध्ये." केबिनमध्ये नका घालू, सीटबेल्टखाली ते चुरगळतंच. पण टायर बघायला, ताडपत्री बांधायला रात्री रस्त्यावर उतरता ना? तेव्हा जॅकेट दाराच्या कप्प्यात हाताशी हवं. फ्रान्समध्ये २००८ पासून प्रत्येक गाडीत असं जॅकेट ठेवणं सक्तीचं आहे. ड्रायव्हरला हलकं, जाळीचं, वेल्क्रोचं द्यावं. कशात अडकलं तर वेल्क्रो सुटतो, माणूस ओढला जात नाही. साइटवर फिरत्या यंत्राजवळही मी त्याचाच आग्रह धरते.

बायकांच्या मापाचं तर विचारूच नका. 'फ्री साइज' म्हणजे सहा फुटी गड्याचं माप. खडी उचलणाऱ्या आमच्या बायका साडीवर शर्ट घालतात, त्यावर हे गुडघ्यापर्यंत लोंबणारं जॅकेट. वाकल्या की पुढची पट्टी घडीत गडप. त्या काढून ठेवतात आणि मग मुकादम त्यांच्यावर ओरडतो. त्यांचं काय चुकलं?

हो, मान्य, उन्हाळ्यात डांबराच्या कामावर अंगात पॉलिस्टर घालणं शिक्षाच आहे. आणि जॅकेट काही डंपर अडवत नाही, बॅरिकेड आणि दिवे आधी नीट हवेत, तेही खरं. सरकार काहीच करत नाही असंही नाही, बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात जॅकेट असतं. नोंदणी झालेल्यांना मिळतं. झाली नसेल तर?

काकांची आठवण आली की राग जरा उतरतो. काका त्यांचं जुनं जॅकेट रोज पाण्याने धुऊन वाळत घालायचे, स्वच्छ राहावं म्हणून. साबण लावून, ब्रशने घासून. पट्टीवरचे मणी त्यातच जातात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. किती धुण्यांपर्यंत टिकेल ते आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. एवढी निगा राखणाऱ्या माणसाला आपण वस्तू तरी खरी द्यावी.

खोका मी उद्या परत पाठवतेय. पर्चेसवाल्यांचा संध्याकाळी पुन्हा फोन आला होता, "मॅडम, दोन महिने चालवून घ्या, पुढच्या लॉटला बघू." मी नाही म्हटलं. नवीन येईपर्यंत रात्रीच्या पाळीला जुनीच वापरू, त्यातली फ्लॅशला चमकणारी तेवढीच.

आता मित्रमंडळींकडे एक काम. कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी, कुठेही नारिंगी, पट्टीवाले रेनकोट देणारं दुकान माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका. बाह्यांचे हवेत, बायकांच्या मापाचेही हवेत. रेटचं नंतर बघू. आधी पट्टीवर पाणी ओतून, अंधारात फ्लॅश मारून काढलेला फोटो पाठवा.