शिट्टी गळ्यात आली, नियम कधी येणार?

पोरांच्या फुटबॉल मॅचमध्ये गोलकिकवर, म्हणजे स्वतःच्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायच्या किकवर, ऑफसाइड. बरोबर वाचलंत. गोलकीपरने लांब गोलकिक मारली, पुढचं पोरगं एकटंच बॉल घेऊन सुटलं आणि रेफ्री साहेबांनी शिट्टी फुंकून हात वर केला. ऑफसाइड, म्हणजे समोरच्या बचावपटूंच्या पलीकडे आधीच उभं राहून पास घेतला! अहो, नियम 11 मध्ये धडधडीत लिहिलंय की गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नर, या तिन्हींवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड होतच नाही. फुटबॉलचे नियम सगळे मिळून 17. पुस्तक इंटरनेटवर फुकट. आणि हा माणूस ते न उघडता पोरांची मॅच घ्यायला उभा राहतो! कोच हळू आवाजात सांगायला गेला तर त्यालाच पिवळं कार्ड. कोचला कार्ड दाखवता येतं, हा 2019 चा बदल मात्र साहेबांना तोंडपाठ.

त्याच वर्षीचे बाकीचे बदल विचारू नका. गोलकिक आता बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या चौकोनाच्या, बाहेर जायची गरज नाही, बॉल हलला की खेळ सुरू. आमच्या बॅकने बॉक्समध्ये पास घेतला तर 'परत घ्या'. पुन्हा घेतला, पुन्हा 'परत घ्या'. तिसऱ्यांदा पोरांनी घाबरून उंच मारला आणि बॉल सरळ समोरच्या टीमला. महिनोन् महिने कोच त्यांना मागून शांतपणे खेळ बांधायला शिकवतोय आणि एका अडाणी शिट्टीने ते सगळं मातीत.

चुका होतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मोठ्या मॅचला दहा कॅमेरे आणि व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफ्री, असूनही वाद होतातच, इथे तर एकटा माणूस, एक शिट्टी आणि चारी बाजूंनी आरडाओरडा. बॉल लाइनच्या आत होता की बाहेर, हात मुद्दाम लागला की नाही, हे चुकेल एखादवेळी. पण धावायला काय होतं? सेंटर सर्कलची त्रिज्या 9.15 मीटर, आणि काही रेफ्रींचा अख्खा संसार तेवढ्यातच. बॉक्समध्ये गर्दी झालीय, पोरं एकमेकांच्या अंगावर पडतायत, आणि हे महाशय सर्कलच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे. तिथूनच पेनल्टी देतात! तिथून याला कुणाचा पाय कुणाला लागला ते कसं दिसलं?

एक गोष्ट मात्र या लोकांना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. फाउल थ्रो, म्हणजे चुकीचा थ्रो-इन. कोपर जरा वाकडं झालं, शिट्टी. बॉल हवेत फिरला, शिट्टी. अहो, बॉल फिरू नये असं कुठे लिहिलंय? दोन्ही हात, डोक्याच्या मागून वरून, तोंड मैदानाकडे, दोन्ही पायांचा काही भाग लाइनवर किंवा लाइनबाहेर जमिनीला टेकलेला, आणि बॉल जिथून गेला तिथूनच थ्रो. झालं. नऊ वर्षांच्या पोराच्या थ्रोचा असा पंचनामा करायचा आणि त्याच वेळी मागे कुणीतरी कुणाला कोपर मारतंय तिकडे ढुंकूनही बघायचं नाही.

आणि इथे माझं डोकं खरंच फिरतं. टॅकल, म्हणजे पाय घालून समोरच्याचा बॉल काढून घेणं.

ज्युनिअरमध्ये एकाच वयोगटात एक पोरगं मिसरूड फुटलेलं आणि दुसरं त्याच्या छातीएवढं, हे नेहमीचंच. त्यात कुणाचा दोष नाही, वाढ प्रत्येकाची वेगळी. पण म्हणूनच तिथे रेफ्री जास्त सावध हवा. नियम 12 मध्ये तीन पायऱ्या सरळ दिल्यात. निष्काळजीपणे पाय घातला तर नुसती फ्री किक. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता घातला तर पिवळं कार्ड. वाजवीपेक्षा जास्त जोर लावला किंवा समोरच्याला दुखापत होईल असा घातला तर लाल. 'बॉलला आधी लागला' ही पळवाट कुठेच नाही. बॉलला लावून पुढे पाय मोडलात तरी फाउल तो फाउलच. पण टचलाइनवरून एखादा कोच 'बॉल! बॉल!' ओरडला की आमचे साहेब दोन्ही हात पुढे करून 'प्ले ऑन'. हाफ टाइमला माझ्या पोराचा मोजा खाली केला तर शिनगार्डच्या वर, गुडघ्याखाली, स्टडचे लाल वण रांगेत उमटलेले. रेफ्रीला दाखवलं. तो म्हणाला, "काका, हा कॉन्टॅक्ट गेम आहे." मला माहितीये बाबा कॉन्टॅक्ट गेम आहे. कॉन्टॅक्ट कुठवर चालतो ते ठरवायलाच तर तुला बोलावलंय ना!

अशा मॅचचं पुढे काय होतं ते टचलाइनवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या दहा मिनिटांत एक घाणेरडा टॅकल सोडला की मार खाल्लेलं पोरगं पुढच्या वेळी स्वतःच हिशेब चुकता करतं. मग त्याचा मित्र. मग पालक. शेवटी साहेब घाबरून धडाधड कार्डं काढतात आणि लाल मिळतं ते तिसऱ्याच कुणाला तरी, बहुतेक वेळा तोंडाने जरा फटकळ असलेल्या पोराला. पहिल्याच टॅकलला शिट्टी मारून दोन शब्द सुनावले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

हँडबॉलबद्दल थोडक्यात. दोन फुटांवरून मारलेला बॉल अंगालगतच्या हाताला लागला तर तो आपोआप गुन्हा ठरत नाही. नियमातच लिहिलंय की हाताला झालेला प्रत्येक स्पर्श गुन्हा नसतो. इकडे मात्र पालकांनी 'हॅऽऽण्ड' असा सूर लावला की शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

दुसरा हाफ कापणे हा तर नवाच उद्योग. पुढची मॅच उशिरा होतेय म्हणून पाच मिनिटं आधीच शिट्टी. दोन्ही हाफ सारखे हवेत, वेळ कमी करायची तर मॅच सुरू व्हायच्या आधी ठरवायची, हा नियम 7. एका गोलने मागे असलेली पोरं जीव तोडून धावतायत आणि हे घड्याळात बघून मोकळे. विचारलं तर म्हणे, "लहान मुलांचीच तर मॅच आहे." सगळ्या दुखण्याचं मूळ याच वाक्यात आहे. लहान मुलांची आहे म्हणून नियम न वाचता आलं तरी चालतं, धावलं नाही तरी चालतं, लाइनमन नसले तरी चालतात. ऐनवेळी एखाद्या बाबांच्या हातात झेंडा कोंबायचा, तोही खेळणाऱ्या पोराच्याच बाबांच्या!

आता मला कुणी सांगू नका की पालक ओरडतात म्हणून रेफ्री टिकत नाहीत. ओरडतात, आणि काही तर लाज सोडून ओरडतात. 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये पोरांच्या मॅचला लाइनमन म्हणून उभ्या राहिलेल्या एका माणसाचा मॅचनंतरच्या मारहाणीत जीव गेला. त्यामुळे रेफ्रीच्या अंगावर धावून जाणाऱ्याला मैदानाबाहेर काढा, कायमचा काढा, मी टाळ्या वाजवीन. पण त्या पंधरा-सोळा वर्षांच्या नवख्या पोराला शिट्टी देऊन एकट्याला या गर्दीत सोडतं कोण? सोबत एक जुनाजाणता रेफ्री नको? मॅच संपल्यावर 'इथे उभा राहायला हवं होतंस' एवढं सांगणारं कुणी नको? तो पोरगा निदान धावतो तरी. माझा राग आहे तो वर्षानुवर्षं तेच करणाऱ्या आणि कुणीच जाब न विचारलेल्या त्या सर्कलवासीयांवर, आणि त्यांना दर आठवड्याला न चुकता बोलावणाऱ्या आयोजकांवर.

तक्रार करून पाहिली. आयोजकांच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो." अंतिम असतो, पण कशाबद्दल? खेळात काय घडलं त्याबद्दल. गोल झाला की नाही, फाउल होता की नाही, तिथे तो म्हणेल ते खरं, मी मुकाट ऐकतो. पण गोलकिकवर ऑफसाइड हा काही 'काय दिसलं' याचा प्रश्न नाही. तो नियमच नाही! हे मी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या हातात परत दिलं आणि माइकवरून पुढच्या मॅचच्या टीम बोलावल्या. रेफ्री तोच.