टोचणारा ट्वीटर महागड्या कपॅसिटरने गोड होत नसतो

आज एका मुलाने घरी बनवलेल्या स्पीकरचे फोटो टाकले. खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर, वरच्यांना एक इंची सिल्क डोम ट्वीटर, १८ मिलिमीटर एमडीएफची पेटी, आणि खालचे सूर वूफरला, वरचे ट्वीटरला वाटून देणारा बाजारातला तयार क्रॉसओव्हर बोर्ड. तक्रार एकच, गायिकेने वरचा सूर लावला की आवाज टोचतो. खाली सल्ल्यांची रांग लागली. परदेशी पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर घाल, चांदीची वायर ओढ. कपॅसिटरची ती जोडी त्याच्या दोन्ही वूफरपेक्षा महाग! आणि ‘मोजलंस का?’ हे एकानेही विचारू नये?

अहो, त्या बोर्डावर वाटणीची हद्द म्हणून ३ किलोहर्ट्झ छापलंय ते ८ ओहम धरून. वूफर ८ ओहमवर स्थिर राहत नाही. व्हॉइस कॉइलचा, म्हणजे वूफरच्या आतल्या गुंडाळीचा, डीसी रेझिस्टन्स ५.८ ओहम आणि इंडक्टन्स ०.५ मिलिहेन्री असेल, तर ३ किलोहर्ट्झला तो ११ ओहमवर गेलेला असतो. मग बोर्डावरची सिरीजमधली कॉइल त्याला हवा तसा अडवत नाही, तो ट्वीटरच्या हद्दीत घुसतो आणि कान जिथे सगळ्यात तिखट तिथेच उंचवटा येतो. यावर झोबेल लावतात, म्हणजे वूफरचे चढणारे ओहम सपाट करणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. साडेसात ओहम आणि १० मायक्रोफॅरड एकमेकांना सिरीजमध्ये जोडून वूफरच्या दोन टोकांवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळणारे भाग आहेत हे.

शिवाय पुढची फळी २३ सेंटिमीटर रुंद असेल तर साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज पेटीला वळसा घालून मागे जातो. घट ६ डेसिबलपर्यंत. तयार बोर्डात तिची भरपाई नसते, म्हणून खालचं पातळ आणि वरचं चढेल वाटतं. यात कपॅसिटर काय करणार?

‘पण बदलल्यावर फरक पडला,’ म्हणतात. पडतोच! बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं मूल्य छापील आकड्यापेक्षा १० ते २० टक्के इकडेतिकडे असतं. ४.७ लिहिलेला ५.४ मायक्रोफॅरड भरतो. त्यात ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, अर्धा ओहम असेल आणि फिल्म, म्हणजे तो पॉलिप्रॉपिलीनवाला, लावल्यावर तो रेझिस्टन्स गेला, तर ६ ओहमचा ट्वीटर जवळपास पाऊण डेसिबल चढतो. त्यालाच लोक ‘डिटेल’ म्हणतात. म्हणजे टोचणाऱ्या ट्वीटरला आणखी वर चढवायचा सल्ला आहे हा!

वीस-तीस वर्षं जुन्या स्पीकरमधले इलेक्ट्रोलिटिक सुकतात, ते बदलावेत, मान्य. मॅग्नेटच्या पोलवर तांब्याची रिंग असलेल्या चांगल्या वूफरचं डिस्टॉर्शन कमी असतं, तेही मान्य. पण तो वूफरही चुकीच्या क्रॉसओव्हरवर टोचेलच. कॉइलचंही तसंच, ब्रँड नाही, तार बघायची. १ मिलिहेन्रीला बारीक तारेत ०.८ ओहम जातात, जाड तारेत ०.४. आणि दोन कॉइल शेजारी आडव्या चिकटवू नका, एकमेकींना काटकोनात आणि लांब ठेवा.

त्या पोराचं काम पुन्हा बघितलं. राऊटरने खाच अचूक मारलीय, ट्वीटर फळीशी सपाट बसलाय, वूफरखाली फोमची पट्टी आहे, हवा कुठून गळत नसणार. इतक्या मायेने काम करणाऱ्याला आपण पाकीट उघडायला सांगतो, याचं वाईट वाटतं.

बाळा, पैसे मेजरमेंट माइकवर घाल. आरईडब्ल्यू हे मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पेटी जमिनीपासून १.२ मीटर उंच आणि भिंतींपासून लांब ठेव, माइक ट्वीटरच्या उंचीला एक मीटरवर. ४ मिलिसेकंदांची विंडो लाव, म्हणजे भिंती-जमिनीवरून परतलेला आवाज मोजणीत येणार नाही; त्यात २५० हर्ट्झखालचं धरू नकोस. तोवर ट्वीटरच्या फिल्टरआधी दीड ओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर सिरीजमध्ये लावून आठवडाभर ऐक. फार दबला तर एक ओहम कर.

आणि ज्यांना कपॅसिटरचा ब्रँड ऐकू येतो, त्यांनी दोन्ही कपॅसिटर एलसीआर मीटरवर (कपॅसिटर, कॉइल मोजायच्या यंत्रावर) १ टक्क्याच्या आत जुळवावेत, इलेक्ट्रोलिटिकच्या ईएसआरइतका रेझिस्टर फिल्मला सिरीजमध्ये द्यावा आणि स्विच पडद्याआड दुसऱ्याच्या हाती सोपवावा. मग सांगा, आत्ता कोणता चालू आहे ते.