नवरदेव एफपी

"थोरल्याची पत्रिका तुमच्याचकडं छापली होती. नाव बदलवा फक्त, दोन मिनिटाचं काम," म्हणत नवरदेवाचे वडील खुर्ची ओढून बसले. दोन मिनिटं! थोरल्याची पत्रिका पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली. ती आवृत्ती २००१ची, अन् त्यानंतर पेजमेकरची नवी मोठी आवृत्ती निघालीच नाही. या फायली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडत. पुढची सीसी आवृत्ती त्या घेत नाही. म्हणून आधी फाइलची कॉपी काढा, ती सीएस६ मध्ये उघडून सेव्ह करा, मग नव्यात उघडा. वर 'कन्व्हर्टेड' दिसलं की वेगळं नाव देऊन ठेवा. जुन्याच नावावर सेव्ह झाली, तर आयडीएमएल, म्हणजे जुन्या आवृत्तीत उघडणारी फाइल, काढल्याशिवाय मागं जाता येत नाही.

नव्या मशीनवर कृतिदेव हा जुना देवनागरी फॉन्ट टाकायचा राहिला होता. 'मिसिंग फॉन्ट'ची खिडकी आली अन् सगळ्या पत्रिकेवर गुलाबी पट्टे. नेमके तेव्हाच सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक बुवा माझ्या खांद्यावरून वाकले.

"काहो भाऊ, नवरदेवापुढं हे एफपी कायचं होय?"

"चि. आहे ते, काका."

"आमाले तं बीए सांगतलं होतं!" बुवा नवरदेवाच्या वडिलांकडं वळले. "एफपी म्हंजे पॉलिटेक्निक काय जी? का फेल-पास?"

वडील लाल झाले. "बीएच हाय माहा पोरगा!"

"मंग कंप्युटर खोटं बोलते काय? अन् नवरी पाहा, तेच एफपी, वरतून एलकेएस! पोरगी जास्त शिकेल दिसते. पुढं जड जाईन बरं, पाहा."

कृतिदेवात एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, पी म्हणजे च, अन् एलकेएस म्हणजे सौ. फॉन्ट हरवला की आतली इंग्रजी कळ उघडी पडते, एवढंच. मी समजावून सांगितलं. बुवांनी मान हलवली अन् वडिलांना विचारलं, "पन रिझल्ट पाह्यला होता काय तुमी?"

फॉन्ट टाकला, चि. जागेवर आला. वडिलांचा राग मात्र माझ्यावर. "जुनं चांगलं चालत होतं तं नवं घेतलं कायले?" अन् हाच मजकूर त्यांना व्हॉट्सॲपवरही पाहिजे, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणारं युनिकोड. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडात बरोबर उलटं. कृतिदेवाचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर दोन्ही हलवतो, पण जोडाक्षरात चुकतो, म्हणून प्रेषकापासून स्वागतोत्सुकापर्यंत एकेक नाव जुन्या छापील पत्रिकेशी ताडून पाहावं लागतं. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही देवनागरी नीट जुळवणारी सेटिंग लावली नाही, तर वेलांट्या पुन्हा भलत्याच जागी. या कामाचे पैसे कोणी देत नाही. पत्रिका छापल्याचे देतात, अन् त्यातही 'नाव बदलवायचे कायचे पैसे?' असं विचारूनच.

शेवटी बॅनर. फ्लेक्सवाल्याकडं आमचे फॉन्ट नाहीत, त्याला कर्व्ह केलेली फाइल लागते. कर्व्ह झालं की अक्षराचं चित्र होतं, त्यात काना बदलत नाही. म्हणून मजकुराची फाइल वेगळी ठेवायची, कर्व्हची वेगळी. पाठवून झाली तेव्हा वडिलांना आठवलं, मामाचं नाव राहिलं.

"मामाची डिग्रीबी टाका," बुवा म्हणाले.