‘कॅबरे’ ही शिवी नव्हे

आमच्या सोसायटीच्या सभागृहात आज मुलींच्या नाचाची तालीम सुरू असताना समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी आत येऊन, सर्वांदेखत, “हा काय कॅबरे चालवला आहे?” असे विचारले आणि नववीतली एक मुलगी कमरेला खोचलेली ओढणी सोडून, ती हातात चुरगाळत, कोपऱ्यात जाऊन बसली. तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

शब्द वापरायचा तर तो आधी जाणून घ्यावा. फ्रेंचमध्ये कॅबरे म्हणजे मुळात दारूचा गुत्ता. ‘लहान खोली’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दापासून तो आला, असे मानले जाते. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात १८८१ साली रोदोल्फ सालिस यांनी ‘ल शा न्वार’ नावाचे कॅबरे काढले. तेथे कवी आपल्या कविता म्हणत, गायक प्रतिष्ठितांची टर उडवत, पडद्यावर छायानाट्ये रंगत आणि संगीतकार एरिक सती पियानोवर बसत. पुढे महायुद्ध ऐन भरात असताना, १९१६ मध्ये, झुरिक येथे ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स यांनी ‘कॅबरे व्होल्टेअर’ सुरू केले आणि रूढ कलेलाच धुडकावणारी ‘दादा’ ही कलाचळवळ तेथेच जन्मली.

बर्लिनचे व्हेर्नर फिंक तर रंगमंचावरून नाझींचीच खिल्ली उडवत. १९३५ मध्ये त्यांचे कॅबरे बंद पाडून त्यांना छळछावणीत धाडण्यात आले. व्हिएन्नाचे कॅबरे कलावंत फ्रिट्झ ग्रुनबाउम १९४१ मध्ये दाखाऊच्या छावणीत मरण पावले. ज्या कलेचा हुकूमशहांनी एवढा धसका घेतला, तिचे नाव घेऊन आपण एका शाळकरी मुलीला खाली मान घालायला लावतो, याची आपल्याला लाज कशी वाटत नाही?

कॅबरेत उत्तान नाचही होता, हे मान्य. मुंबईतील हॉटेले आणि हिंदी चित्रपट यांतून आपल्यापर्यंत तेवढाच पोहोचला, हेही मान्य. त्या गृहस्थांनी तरुणपणी दुसरे काही पाहिलेच नसेल, तर सगळा दोष त्यांच्या माथी मारणेही बरे नव्हे. पण तो नाच करणाऱ्या बायकाही अंगच्या कसबावर पोट भरत होत्या. त्यांच्या नावाने त्या मुलीचा पाणउतारा करताना आपण दोघींचाही अपमान करतो.

आणि परक्या शब्दाचे तरी काय घेऊन बसायचे? वगातून भल्याभल्यांची फिरकी घेणारा तमाशा आपला, मराठी मातीतला. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी घरातल्या भांडणाला आपण आजही ‘तमाशा’च म्हणतो.