तासांवरच्या बाईला रजा नसते

आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतंच मानधन मिळणाऱ्या, प्राध्यापकांच्या मुलाखती होत्या. विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. पोहे झाले, चहा झाला, मग उमेदवार सुरू. सातव्या नंबरला एक मुलगी आली. सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालेली, पीएच.डी. सबमिट केलेली, बोलणं स्वच्छ. मी दोन प्रश्न विचारले, तिने मस्त उत्तरं दिली. आणि मग संस्थेच्या बाजूने बसलेल्या एका सद्गृहस्थांनी तिची फाइल मिटत, हसत हसत विचारलं, "लग्नाला दीड वर्ष झालं म्हणता. मग पुढचं प्लॅनिंग काय? नाही म्हणजे, सत्राच्या मध्येच आमची पंचाईत नको."

ती कसनुसं हसली. म्हणाली, "सध्या तसं काही नाही, सर."

सध्या तसं काही नाही! इतकं शिकून आलेल्या बाईने नोकरीसाठी, तीही तासांवरच्या नोकरीसाठी, पाच अनोळखी माणसांपुढे आपल्या पोटाचं वेळापत्रक सादर करायचं. घरी आल्यापासून माझं डोकं ठणकतंय.

माझं सांगते. २००९ साल. मी तेव्हा तासांवरच होते, तालुक्याच्या कॉलेजात. सप्टेंबरात मुलगी झाली. आधी प्राचार्यांना भेटले होते, रजेचं विचारायला. ते म्हणाले, "मॅडम, रजा पगारी माणसाला असते. तुमचे तास मी किती दिवस रिकामे ठेवू?" आवाज चढवला नाही त्यांनी, अगदी समजावून सांगितलं. बाळंतपणानंतर तेविसाव्या दिवशी मी वर्गात उभी होते. टाके ओढत होते. आई बाळाला घेऊन सोबत यायची. बसायचं कुठे? लेडीज रूमला कुलूप, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. शेवटी आमच्या शिपाईमामांनी कुणाला न विचारता जिमखाना उघडून दिला. आईने टेबल टेनिसच्या टेबलाचा पाय आणि खिडकीचा गज यांच्यामध्ये जुन्या सुती पातळाची झोळी बांधली. ४८ मिनिटांचा तास. पस्तिसाव्या मिनिटाला बाळ रडायचं, दोन भिंतींपलीकडून मला ऐकू यायचं, आणि ब्लाउज ओला व्हायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी शाल पांघरून शिकवत होते. पोरांना वाटायचं, मॅडमना ताप आहे.

आता कुणीतरी खाली लिहील, प्रसूती रजेचा कायदा आहे की! आहे ना. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, २०१७ च्या दुरुस्तीपासून. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापिकेला १८० दिवस, बापालासुद्धा १५ दिवस. (आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांनी ते १५ दिवस मागितले तर "काय सर, पाळणा हलवणार का?" म्हणून आठवडाभर खिदळले होते लोक. पण ते सर कायम होते, खिदळले तरी रजा मिळाली.) प्रत्यक्षात सगळं कायम माणसांसाठी. कायद्यात आधीच्या वर्षात ८० दिवस काम केल्याची अट आहे. आमच्याकडे दिवस असतात कुठे? तास असतात. सुट्टी लागली की मानधन बंद, जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा "प्लॅनिंग काय?"

आणि हे ऐकाच. २००० साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदार बायकांना प्रसूती रजेचा हक्क आहे असा निकाल दिलाय. रस्त्याच्या कामावरच्या, मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) बायका. मस्टरवर सही आम्हीही करतो! त्यांना तो हक्क प्रत्यक्षात किती मिळतो, देव जाणे. पण निदान कोर्टाने तरी त्यांना कामगार मानलं. २०२३ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की कंत्राट संपलं म्हणून प्रसूतीचा लाभ मध्येच तोडता येत नाही. तासांवरच्या बाईने यासाठी कोर्टात जायचं म्हणजे पुढच्या जूनमध्ये मुलाखतीचं पत्र येणार नाही. हे तिलाही माहीत, संस्थेलाही माहीत.

५० माणसं कामाला असली की पाळणाघर हवं, आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, हेही २०१७ च्या दुरुस्तीत आहे. वाचलं तेव्हा मला आधी जिमखाना आठवला. मला दोनदा जमायचं. तिसऱ्यांदा गेले की कुणीतरी घड्याळ बघायचं.

प्राचार्यांचेही हात बांधलेले असतात, मान्य. पदभरती वर्षानुवर्षं अडकलेली, मानधन तासांच्या हिशेबाने येतं, तेही सहा-सहा महिने उशिरा, रजेच्या पगारासाठी खर्चाचं हेडच नाही. मुलांचंही मध्येच नुकसान होतं, खरंय. पण मग दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार कशाला घालता? आजच्या त्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले, १९२९ ला कायदा झाला. त्याच तसबिरीखाली बसून, पोह्याची बशी बाजूला सारून, माणूस विचारतो, प्लॅनिंग काय.

माझ्या लेकीला आज हे सांगत होते. ती आता अकरावीत आहे. म्हणाली, "मी झोळीत झोपायचे? टेबल टेनिसच्या टेबलाला?" तिला मजाच वाटली. मलाही हसू आलं. मामांची आठवण आली. ते रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभात मी या गोष्टीचं नाव काढलं नाही, उगाच त्यांची पेन्शन अडकायची. आईचीही कमाल. साठीला टेकलेली बाई रोज एसटीने बाळ मांडीवर घेऊन यायची, आणि घरी विचारलं तर "बाळ गुणाचं आहे, त्रास देत नाही" म्हणायची. रडायची कार्टी.

एवढं मघापासून टाइप करतेय, पण एक गोष्ट टाळतेय. तो प्रश्न विचारला गेला तेव्हा मी तिथे होते. दोन खुर्च्या सोडून. मी काय केलं? पाण्याचा ग्लास उचलला. वाटलं, आपण बाहेरच्या, पाहुण्या, विषयापुरतं बोलावं. ज्याला घेतलं तो मुलगा तिच्याहून डावा नव्हता, हे गाडीत मी स्वतःला तीनदा सांगितलं. ती प्रतीक्षा यादीत पहिली आहे. यादीखाली तिसरी सही माझी.

संध्याकाळी आईला फोन केला, रागारागात सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू काय म्हणालीस गं त्यांना?"

म्हटलं, आई, रेंज जातेय, नंतर बोलते.