क्वांटिटी: एक

आमच्या गाडीच्या गिअर नॉबला खरूज झाली तेव्हा गाडीचं वय चौदा होतं. वरचं चामड्यासारखं दिसणारं आवरण उन्हानं तडकलं आणि त्याचे काळे पापुद्रे तळहाताला चिकटू लागले. ऑफिसात कुणाशी हात मिळवला की समोरचा आधी स्वतःचा हात बघायचा, मग माझ्याकडे. एका साखरपुड्यात मी नवऱ्या मुलाच्या वडिलांना प्रेमानं मिठी मारली आणि त्यांच्या पांढऱ्या झब्ब्याच्या पाठीवर पाच बोटं उमटवून आलो. परतताना बायको एवढंच म्हणाली, "दोनशे रुपयांची वस्तू आहे. बदल."

दोनशेला नाही, अडीचशेला मिळाली. खोक्यावर 'युनिव्हर्सल' असं लिहिलं होतं. युनिव्हर्सल म्हणजे जी सगळ्या गाड्यांवर टेकते आणि एकीवरही बसत नाही ती. आत प्लास्टिकच्या तीन जाडीच्या नळ्या आणि तांदळाएवढे तीन स्क्रू. दांड्याला जी नळी बसेल ती चढवायची, तिच्यावर नॉब ठेवायचा आणि बाजूनं स्क्रू आवळायचे. आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग कात्रजच्या घाटात पुढे उसाचा ट्रक आला. तिसऱ्यातून दुसरा टाकायला म्हणून हात मागे ओढला, तर नॉब एकटाच माझ्याबरोबर आला. गाडी तिसऱ्यात गुदमरतेय, मागचे हॉर्न वाजवतायत आणि मी प्रसादाचा लाडू धरावा तसा नॉब धरून बसलोय. गुडघ्यांमुळे आई नेहमी पुढे बसते. तिनं शांतपणे विचारलं, "हे काढायचं असतं का?"

त्या रात्री ठरवलं, नॉब आपणच करायचा. पुण्याच्या रहदारीत या गोळ्याला जेवढा हात लागतो तेवढा देव्हाऱ्यातल्या घंटेलाही लागत नाही. निदान तो आपल्या मुठीच्या मापाचा तरी असावा.

माप घ्यायला गणपतीनंतर उरलेली शाडूची माती कामी आली. गोळा करून डोळे मिटले, मनात कोथरूड ते स्वारगेट गाडी चालवली आणि मूठ दाबली. ओट्यावर वाळत ठेवलेला तो ऐवज बघून आई म्हणाली, "मोदक बिघडला तर बिघडला, वाळवतोस कशाला?"

पहिला प्रयोग जपानी होता. तिकडच्या ट्रकवाल्यांत पारदर्शक नॉबच्या आत फूल गोठवायची जुनी हौस आहे. त्या प्रकाराला 'सुइचुका' म्हणतात, म्हणजे पाण्यातलं फूल. मी म्हटलं, आपण मोगरा घालू. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर ढवळून सगळं एकदमच साच्यात ओतलं. ते थरावर थर द्यायचं असतं, कारण घट्ट होताना रेझिन तापतं आणि जितकं जास्त एकत्र तितकं जास्त तापतं, हे मला ओतल्यावर पंधरा मिनिटांनी साच्यानंच सांगितलं. साचा वाकला, बुडबुडे आले आणि मोगऱ्याची भजी झाली. घरभर जो वास सुटला तो मोगऱ्याचा नव्हता.

मग धातू. ओळखीनं भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेलो. टर्नर काकांनी शाडूचा गोळा उलटसुलट केला.

"ड्रॉइंग?"

"हेच ड्रॉइंग."

"क्वांटिटी?"

"एक."

"एक हजार?"

"एक. एकच."

काकांनी मशीन बंद केलं. माणसाच्या घरी काही अडचण असेल तर आपण जसं हळू बोलतो तसं म्हणाले, "साहेब, एकाला जेवढं सेटिंग, तेवढंच हजाराला."

त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी हाकललं नाही, उलट वजनाचा हिशेब करून दिला. पन्नास मिलिमीटर व्यासाचा पितळी गोळा साडेपाचशे ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा पावणेदोनशे आणि शिसवाचा जेमतेम पन्नास-पंचावन्न. जड नॉबचे भक्त सांगतात की हाताच्या झटक्याला वजनाची साथ मिळते आणि गिअर आपल्या पायानं चालत जाऊन जागेवर बसतो. माझा मेकॅनिक सांगतो की एवढ्या जुन्या दांड्यावर अर्धा किलो टांगलात तर पहिल्याच खड्ड्यात गाडी न्यूट्रलला येईल. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजताच्या पार्किंगचा विचार केला. पितळेचा गिअर सांडशीनं टाकावा लागला असता.

"मग शिसवाचा करू या," मी म्हटलं.

"माझ्या लेथला लाकूड लागणार नाही," काका म्हणाले. "भुसा स्लाइडमध्ये जातो, तेल पितो." आणि त्यांनी माझा मोदक परत केला.

शिसव घरात होतं. आजोबांच्या पलंगाचा एक मोडका पाय पोटमाळ्यावर तीस वर्षं 'कधीतरी लागेल' या कलमाखाली पडून होता. तो घेऊन पेठेतल्या एका कातारीबुवांकडे गेलो. लाटणी, भोवरे, पोळपाटाचे पाय असा त्यांचा पसारा. त्यांचा पहिला प्रश्न, "किती डझन?"

एक म्हटल्यावर हे मात्र हसले. शाडूचा गोळा त्यांनी बघितलासुद्धा नाही. "हात दाखवा," म्हणाले. ज्योतिषी बघतो तसा माझा पंजा बघितला, अंगठा आणि मधल्या बोटात अंतर धरलं आणि पटाशी उचलली. वरची धुरकटलेली काळी साल उडाली, आतून जांभळट तपकिरी लाकूड निघालं आणि टोकयंत्रातून पेन्सिलीची सालं निघावीत तशी लाकडाची पातळ वेटोळी त्यांच्या मांडीवर साचू लागली. तीस वर्षं पोटमाळ्यावर पडलेल्या लाकडाला गोडसर वास असतो हे मला माहीत नव्हतं. सात मिनिटांत गोळा तयार. मुठीत घेतला तर असा बसला, की माझी तीन आठवड्यांची शाडू-साधना मला एकदम पोरकट वाटली.

बुवांना त्यावर लाखेचे लाल-पिवळे-हिरवे पट्टे काढायचे होते, भोवऱ्यावर असतात तसे. मी म्हटलं, उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते, लाख मऊ होऊन हाताला येईल. "मग गाडी सावलीत लावा," बुवा म्हणाले. ते पुण्यात सायकलवरून हिंडतात. शेवटी जवसाच्या तेलावर तडजोड झाली.

आता राहिले आटे. नुसत्या लाकडात पाडलेले आटे चार दिवसांत भुगा होतात, म्हणून आत पितळेचा आटेदार बुश, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, ॲराल्डाइटनं चिकटवायचा. बोहरी आळीत गेलो.

"कितीचा?"

"दहाचा." दांड्याची जाडी मी घरूनच मोजून नेली होती, त्यामुळे ताठ मानेनं सांगितलं.

"दीड की सव्वा?"

मान वाकली. दोन आट्यांमधलं अंतरही सांगावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यातही कंपन्यांची घराणी आहेत: होंडाचा दहा बाय दीड, माझदाचा दहा बाय सव्वा, टोयोटाचा बारा बाय सव्वा. त्या वेळी मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. गिऱ्हाइकं मागे खोळंबली होती. सव्वा आपल्याकडे शुभ, सव्वा रुपया, सव्वा शेराचा प्रसाद, म्हणून म्हटलं, "सव्वा द्या."

सव्वाचा बुश दांड्यावर दोन फेरे आनंदानं फिरला आणि रुतला. जोर लावला असता तर दांड्याचेच आटे गेले असते, आणि तो दांडा कोणत्याही आळीत मिळत नाही. मग फूटपट्टी लावली. दहा आट्यांची लांबी पंधरा मिलिमीटर, म्हणजे दीड. हे तिसरीतलं गणित आधी केलं असतं तर पुन्हा बोहरी आळीत पार्किंग शोधावं लागलं नसतं. दुकानदारानं मला लांबूनच ओळखलं आणि न विचारता दीडचा बुश काढून ठेवला.

शेवटचं काम गिअरच्या नकाशाचं. ट्रॉफ्या आणि दारावरच्या पाट्या कोरणाऱ्या लेझरवाल्याकडून नॉबच्या माथ्यावर देवनागरीत १, २, ३, ४, ५ आणि रिव्हर्सच्या जागी 'मा', म्हणजे मागे, असं कोरून घेतलं. त्यानंही विचारलंच, "किती पीस?" घरी येऊन नॉब फिरवत बसवला. नकाशा अगदी सरळ आला तेव्हा नॉब अजून हलत होता. आणखी पाव फेरा दिला, दांड्याचं टोक तळाला टेकलं, नॉब घट्ट झाला आणि नकाशा आईच्या सीटकडे तोंड करून बसला.

टर्नर काकांना फोन केला. "दीडचा पाव म्हणजे तीनशे पंच्याहत्तर मायक्रॉन," ते क्षणात म्हणाले. "भोकाच्या तळाला तेवढी चकती टाका." ०.३७५ मिलिमीटर जाडीचं काय असतं ते मला सुचेना. बाद झालेल्या डेबिट कार्डाची टिकली कापून टाकली. सगळी कार्डं ०.७६ मिलिमीटर जाड असतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. नकाशा अर्धा फेरा मागे गेला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. आता सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्यांची तेवढी सोय झाली. टिकली काढली. काका म्हणाले, "मग चेकनट लावा. खालून आवळला की नॉब हवा तिथं थांबतो." चेकनट वीस रुपयांना मिळाला. रविवारी बसवायचं ठरलं.

शनिवारी आईला दाताच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ती बसली, पट्टा लावला, चष्मा काढून नॉब वाचला आणि खूश झाली. "बरं झालं, मराठीत केलंस." मी नेहमीसारखा पुढे-डावीकडे पहिला टाकला. नकाशा पाव फेरा फिरलेला असल्यामुळे तिला तिथं २ दिसत होता.

"थेट दुसरा टाकलास?"

"आई, हा पहिलाच आहे."

"पहिला तुझ्या बाजूला आहे. लिहिलंय की."

नळ स्टॉपपर्यंत तिनं मला चार वेळा पकडलं. परतीच्या वाटेवर तर मी गिअर बदलायच्या आधी ती नॉबकडे बघून आकडा सांगत होती, तोही चुकीचा, आणि दातात कापूस असून. पन्नास वर्षं ती आधी बाबांच्या आणि मग माझ्या शेजारी बसून नुसता रस्ता बघत आली.

चेकनट डॅशबोर्डच्या खणात आहे. वाजतो अधूनमधून. परवा कात्रजच्या घाटात ट्रकमागे पुन्हा अडकलो, आणि मी काही करायच्या आत शेजारून आवाज आला, "आता 'मा' नको हं टाकूस."